लोखंड्या श्वास सोडतो

एकवीस दिवस भैरूने गवतावर पाय ठेवला नव्हता. त्याला फिरवायचं ते सिमेंटच्या अंगणात, तेही पट्टा हातात घट्ट धरून. एकवीस दिवसांपूर्वी त्याला औषधाच्या पाण्याने आंघोळ घातली होती. त्यानंतर शाल्मलीने स्वतः त्याच्या कानांमागे, पायांच्या बोटांमध्ये, शेपटीच्या बुडाशी चाचपून पाहिलं होतं. एकही गोचीड राहिली नव्हती.

आणि आज बुधवारी सकाळी त्याच कानामागे तिला एरंडाच्या बीसारखी टच्च फुगलेली, करड्या रंगाची एक गोचीड दिसली. शेजारी दुसरी. बोटांच्या बेचक्यात तिसरी. मोजता मोजता आकडा सव्वीसवर गेला.

"बाबा, हे कसं काय?" ती उठून उभी राहिली. "गोचिडी जंगलातून येतात म्हणून तुम्ही गवत बंद केलंत. मग ह्या आल्या कुठून? आभाळातून पडल्या?"

बाबांनी नुसती मान हलवली आणि भैरूच्या डोक्यावर हात ठेवला.

शाल्मलीचे बाबा ऋतुराज शेलार हे कुंभारखिंडीतल्या शोधश्वान केंद्राचे मुख्य शिक्षक होते. पावसाळ्यात सह्याद्रीतले डोंगर सुटायचे, घरंच्या घरं मातीखाली जायची. अशा वेळी ढिगाऱ्याखाली जिवंत माणूस कुठे आहे हे हुंगून सांगणारे आठ कुत्रे या केंद्रात तयार होत. एव्हाना माणसाने पुष्कळ मजल मारली होती. घाटात मालवाहू ड्रोन घारींसारखे घिरट्या घालत, दगड उचलायला यंत्रमानव होते. पण दहा फूट चिखलाखालचा माणूस हुंगणारं नाक कुणालाच बनवता आलं नव्हतं.

तसा प्रयत्न एकदा झाला होता. चार वर्षांपूर्वी केंद्रात एक यंत्रश्वान आला. चार पाय, करडं अंग, डोळ्यांच्या जागी दोन कॅमेरे, आणि बोलणं एकदम पुस्तकी. सरावाच्या पहिल्याच दिवशी त्याने ढिगाऱ्याखालच्या माणसाला सोडून कुणाचा तरी भाकरीचा डबा शोधून काढला. तेव्हापासून तो पाण्याच्या बादल्या वाहायचा. शाल्मलीने त्याचं नाव ठेवलं होतं लोखंड्या.

भैरू मात्र अस्सल गावठी. खिंडीतल्या बसथांब्याखाली भिजत पडलेलं हे तांबूस पिल्लू बाबांनी उचलून आणलं, तेव्हा बाकीचे शिक्षक हसले होते. आता त्याच भैरूच्या गळ्यात राज्यातल्या सगळ्यात तरबेज शोधश्वानाचा बिल्ला होता, आणि त्याने आजवर अकरा माणसं जिवंत शोधून काढली होती.

त्या बुधवारी दुपारी भैरूने जेवणाला तोंड लावलं नाही. गुरुवारी तो उठलाच नाही. शुक्रवारी त्याच्या नाकातून रक्ताचा एक थेंब फरशीवर पडला. शाल्मली धावत बाबांना बोलवायला गेली.

बाबांनी फलटणला फोन लावला. दुपारच्या बसने शाल्मलीचे आबा, म्हणजे आईचे वडील, हातात पेटी घेऊन उतरले. डॉ. अच्युत घोरपडे. पशुवैद्यक महाविद्यालयात त्यांनी तीस वर्षं परजीवीशास्त्र (दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या जीवांचा अभ्यास) शिकवलं होतं. चहासुद्धा न घेता ते भैरूजवळ मांडी घालून बसले. त्यांनी त्याचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या कागदासारख्या पांढुरक्या झाल्या होत्या. मग त्यांनी कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेतला, काचेवर पसरला, रंग चढवला आणि पेटीतल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.

काच इकडून तिकडे सरकवत त्यांनी ती पूर्ण पाहिली.

"ये, बघ," शेवटी ते शाल्मलीला म्हणाले. "ही मोठी जांभळी दिसते ना, ती पांढरी पेशी. रक्तातला पहारेकरी. आणि तिच्या पोटात तो बारीक दाण्यांचा पुंजका?"

"दिसला. तुतीच्या फळासारखा आहे."

"ते जंतू. पहारेकऱ्याच्याच घरात शिरून बसलेत. हा गोचीड ताप. या आजारात रक्तबिंबिका (रक्त गोठवणाऱ्या बारीक कणिका) कमी होतात, म्हणून नाकातून रक्त येतं. गोचीड आजारी कुत्र्याचं रक्त पिते तेव्हा हे जंतू तिच्या पोटात जातात, आणि पुढच्या वेळी ती दुसऱ्या कुत्र्याला चावली की त्याच्या रक्तात उतरतात."

"तो वाचेल ना, आबा?"

आबांनी तिच्याकडे सरळ पाहिलं. लहान मुलीची समजूत घालायची म्हणून काहीतरी बोलण्याची त्यांना सवय नव्हती. "वेळेवर कळलंय. अठ्ठावीस दिवस औषध चालेल. बरा व्हायला हवा. पण औषध संपल्यावर त्याला परत ह्याच श्वानशाळेत बांधलं आणि परत तशीच गोचीड चावली, तर सगळं मुळापासून सुरू. दुसऱ्यांदा त्याचं अंग सोसेल की नाही, मी सांगू शकत नाही."

तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातून ड्रोनने तासाभरात गोळ्या आणल्या. पावसाळ्याला सात आठवडे उरले होते.

संध्याकाळी आबांनी चिमटा मागवला. बाबा इतकी वर्षं गोचिडीवर रॉकेल टाकायचे, नाहीतर काडी पेटवून तिला चटका द्यायचे.

"असं नका करू, ऋतुराजराव," आबा म्हणाले. "चटका बसला की ती पोटातलं सगळं जखमेत ओकते, जंतूंसकट. आणि नखाने चिरडलीत तर ते आपल्या हाताला. हे बघा. चिमटा अगदी कातडीला टेकवायचा, तिचं तोंड पकडायचं, पोट नाही. आणि सावकाश, सरळ ओढायचं. पिळायचं नाही."

गोचीड सुटून आली. आबांनी ती स्पिरिटच्या बाटलीत टाकली आणि चिमटा शाल्मलीच्या हातात दिला. पुढच्या पंचवीस तिने काढल्या. शेवटी तिची बोटं दुखत होती, पण एकीचंही तोंड कातडीत तुटून राहिलं नव्हतं.

"मला एक सांगा," बाटली उजेडात धरून ती म्हणाली. "ह्या आठही कुत्र्यांवर आपण औषध घालतो. रोज फरशी धुतो. तरी दर तीन आठवड्यांनी ह्या परत येतात. का?"

"मीच तुला विचारतो," आबा म्हणाले. "गोचीड कुत्र्याच्या अंगावर नसते, तेव्हा कुठे असते?"

"कुठेच नसते. म्हणजे... ती अंगावरच राहते ना?"

"इथेच सगळे फसतात. बस, सांगतो."

त्यांनी खडू घेतला आणि फरशीवरच चित्र काढायला सुरुवात केली. पोट भरलेली मादी कुत्र्यावरून खाली पडते. एखादी फट गाठते. तिथे ती हजारोंनी अंडी घालते, कधी तीन हजार, कधी चार, आणि मरते. अंड्यांतून डिंभ (पहिल्या अवस्थेतली पिल्लं) निघतात. ती खसखशीच्या दाण्याहून लहान असतात आणि त्यांना पाय असतात सहा. कुत्रा जवळ आला की ती चढतात, काही दिवस रक्त पितात, आणि खाली पडतात.

"परत खाली?" शाल्मलीने विचारलं.

"परत खाली. फटीत जाऊन कात टाकतात आणि आठ पायांची होतात. गोचीड हा कीटक नव्हे बरं का. ती कोळ्याच्या आणि विंचवाच्या भावकीतली. मग दुसऱ्यांदा कुत्र्यावर चढायचं, रक्त प्यायचं, पडायचं. पुन्हा फट, पुन्हा कात. आता ती पूर्ण वाढलेली. मग तिसऱ्यांदा चढायचं. म्हणजे सगळ्या आयुष्यात ती जेवते तीनदाच, आणि कुत्र्यावर राहते मोजके दिवस. बाकीचे महिने ती अंगावर नसतेच. पोट रिकामं असतानाही ती वर्षभर दम धरू शकते."

शाल्मली चित्राकडे पाहत राहिली. "म्हणजे भैरूवर सव्वीस दिसल्या, तर..."

"शंभरातल्या पाचेक आपल्याला कुत्र्यावर दिसतात, असा ढोबळ हिशेब आहे. बाकीच्या पंच्याण्णव इथेच कुठेतरी आहेत."

तिने झटकन पाय वर घेतले. आबा हसले.

"पण आपण तर फरशी रोज धुतो," ती म्हणाली. बोलता बोलता ती थबकली आणि हळूच मान वर करून तिने भिंतीकडे पाहिलं.

श्वानशाळा म्हणजे एक जुनं दगडी गोदाम होतं. काळ्या दगडांच्या भिंती, मधला चुना ठिकठिकाणी झडलेला. फरशीपासून हात पोचेल तिथवर भिंत धुतलेली होती. त्याच्या वर कुणाचाच हात गेला नव्हता.

"लोखंड्या!" ती ओरडली. "बादल्या ठेव आणि इकडे ये!"

लोखंड्याची मान लांब करता येत असे, आणि त्याच्या डोळ्याला जवळचं मोठं करून दाखवणारं भिंग होतं. शाल्मलीने त्याला फळ्यांच्या ढिगावर उभं केलं आणि एकेका फटीत डोकावायला सांगितलं. हातातल्या पडद्यावर तिला दगडांच्या सांध्यातला अंधार दिसत होता. पहिल्या फटीत काही नाही, दुसऱ्यातही नाही. छताजवळच्या तुळईखालच्या फटीत मात्र तपकिरी मणी दाटीवाटीने बसलेले दिसले. त्यांतल्या एका मण्याने पाय हलवला.

"नमूद करू इच्छितो," लोखंड्या म्हणाला, "की येथे गर्दी आहे."

बाबा पडद्याकडे पाहून खालीच बसले. "पोरी, चार वर्षं मी जंगलाला शिव्या घालतोय."

आबांनी शाल्मलीच्या पाठीवर थाप मारली. "या जातीला वर चढायची खोड असते. मला ठाऊक होतं, पण मी सांगितलं नाही. तुझं तूच वर बघावंस असं वाटत होतं."

शत्रू कुठे आहे ते कळलं, पण त्याला बाहेर काढायचं कसं? वाटेल तिथे विषारी औषध फवारायला आबा तयार नव्हते. खोल फटीत ते पोचणार नाही आणि कुत्र्यांच्या नाकाला मात्र बाधेल, असं त्यांचं म्हणणं. शोधश्वानाचं नाक बिघडलं तर राहिलं काय?

रात्रीच्या जेवणाआधी शाल्मली स्वयंपाकघरात ताट घ्यायला गेली, तर तिथे वेगळाच घोळ. केंद्राचा स्वयंपाक करणाऱ्या अनसूयाकाकूंनी चिंगी मांजरीला मांडीवर धरलं होतं आणि त्यांच्या हातात कुत्र्यांच्या औषधाची उघडलेली नळी होती.

"हिच्या मानेवरही एक दिसली गं मला. म्हटलं, उरलंय तर दोन थेंब हिलाही घालावे."

"काकू, थांबा!" दारातून आबा इतक्या जोरात ओरडले की चिंगी उडी मारून फडताळावर चढली. "ते मांजराला नाही. कधीच नाही!"

काकू घाबरल्या. आबांनी नळी घेतली, झाकण लावलं आणि मग आवाज खाली आणला. "माफ करा, ओरडलो. कुत्र्यांच्या काही औषधांत असं रसायन असतं, की कुत्र्याच्या यकृताला ते फोडून निकामी करता येतं. मांजराच्या यकृताला ते जमत नाही. शिवाय मांजर दिवसभर अंग चाटतं, सगळं पोटात जातं. आधी थरथर, मग झटके, मग जीवच जायचा. तिला मांजराचंच औषध द्यायचं, तेही डॉक्टरला विचारून, वजन करून."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. "माझ्या हातून केवढं पाप घडलं असतं." आबांनी चिंगीला चुचकारून खाली घेतलं आणि तिच्या मानेवरची ती एक गोचीड चिमट्याने काढून एका रिकाम्या बाटलीत टाकली.

शाल्मली मात्र त्या बाटलीतल्या गोचिडीकडे पाहत होती. तिने पुढचे दोन पाय हात वर केल्यासारखे उंच धरले होते आणि ती हवेत काहीतरी चाचपडत होती.

"आबा, ही चालायला सहाच पाय वापरते. पुढचे दोन असे वर का धरते?"

आबांचे डोळे चमकले. "ते तिचं नाक आहे. पुढच्या पायांच्या टोकाला बारीकसे खड्डे असतात. त्यांनी तिला ऊब कळते, वास कळतो, आणि उच्छ्वास (बाहेर सोडलेला श्वास) कळतो. आपण श्वास सोडतो त्यात कार्बन डायऑक्साइड वायू असतो. तो आला म्हणजे जवळपास कुणीतरी जिवंत, गरम रक्ताचं आहे, हे तिला समजतं. मग ती फट सोडून निघते."

शाल्मलीने हातातलं ताट खाली ठेवलं.

"म्हणजे तिला कुत्रा दिसतच नाही. ऊब, वास आणि श्वास एवढं मिळालं की तिच्या दृष्टीने तो कुत्रा." तिने दाराकडे पाहिलं. दारात लोखंड्या बादली धरून उभा होता. "आबा, लोखंड्याला श्वास सोडता आला तर?"

आबांनी चष्मा वर सरकवला आणि लोखंड्याला आत बोलावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठही कुत्र्यांना सरावाच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवलं. लोखंड्याच्या पोटाला गरम पाण्याची पिशवी बांधली. पाठीवर भैरूची न धुतलेली गोधडी घातली, वासासाठी. पायांना दोन्हीकडून चिकटणारी पट्टी गुंडाळली, म्हणजे जी चढेल ती तिथेच अडकावी. श्वासाचा प्रश्न अनसूयाकाकूंच्या फडताळातून सुटला. पाव फुगवायचं यीस्ट आणि साखर. यीस्ट म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव. साखर खाऊन ते हाच वायू सोडतात, म्हणून तर पाव फुगतो. बाबांनी बाटलीत सगळं मिसळलं, झाकणाला नळी लावली आणि ती लोखंड्याच्या नाकपुडीतून बाहेर काढली.

श्वानशाळेत मधोमध लोखंड्याला बसवून दार लावलं. बाहेर पायरीवर तिघे पडद्यासमोर बसले. अर्धा तास गेला. तास गेला. दोन तास गेले. एकही गोचीड हलली नाही.

"माझ्यात काही उणीव आहे काय?" लोखंड्याने विचारलं.

बाबांनी उसासा टाकला. "कल्पना चांगली होती गं. पण त्या काही एवढ्या खुळ्या नाहीत."

शाल्मलीला रडू कोसळणार होतं. तेवढ्यात तिच्या मनात आलं, की गोचिडी येत नाहीत यावरून कल्पना चुकली हे ठरत नाही. आधी हे तर पाहायला हवं की लोखंड्या खरोखर श्वास सोडतोय का. ती आत गेली आणि तिने नळीचं टोक पाण्याच्या पेल्यात बुडवलं. एकही बुडबुडा आला नाही.

"बाबा, बाटलीत पाणी कसलं घातलं होतंत?"

"उकळतं. म्हटलं, जेवढं गरम तेवढं जोरात चालेल."

"अहो बाबा, यीस्ट जिवंत असतं! तुम्ही त्याला शिजवलंत!"

आबा इतके हसले की त्यांचा चष्मा पडला. बाबाही कान पकडून हसले. शाल्मलीने नवीन बाटली भरली. या वेळी पाणी बोट बुडवून सुखाने सोसवेल इतकंच कोमट. दहा मिनिटांत फेस आला, आणि नळीचं टोक पेल्यात धरताच बुडबुडे टपटप वर येऊ लागले.

"माझ्या नाकातून वायू बाहेर पडत आहे," लोखंड्या म्हणाला. "ही जाणीव नवीन आहे."

पुन्हा दार लागलं. पाव तास गेला असेल. तुळईखालच्या फटीच्या तोंडाशी एक तपकिरी ठिपका आला. त्याने पुढचे दोन पाय वर केले, हवेत फिरवले, थांबला, पुन्हा फिरवले. आणि मग तो ठिपका भिंतीवरून खाली, सरळ खाली, चालायला लागला. त्याच्यामागे दुसरा निघाला. मग पलीकडच्या फटीतून तीन.

शाल्मलीने बाबांचा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. कुणी सांगितलेलं नव्हे, कुठे वाचलेलं नव्हे, तिने स्वतः विचार करून मांडलेली गोष्ट समोर आठ पायांनी चालत येत होती.

"एक," लोखंड्या मोजू लागला. "दोन. पाच. मला शोधत कुणी येण्याची ही पहिलीच वेळ आहे."

दुपारपर्यंत त्याच्या पायांवरच्या पट्ट्यांत एकशे चौऱ्याऐंशी गोचिडी अडकल्या होत्या.

पण लढाई एका दिवसात संपत नसते. "फटीतली अंडी श्वासाला भुलत नाहीत," आबांनी बजावलं. "ती फुटतील, पिल्लं येतील. आपण चिकाटी धरायची." दर आठवड्याला लोखंड्या श्वास सोडत बसायचा. मधल्या दिवसांत सगळे शिक्षक शिड्या लावून फटी चुन्याने बुजवायचे, पार छतापर्यंत. कुत्र्यांना डॉक्टरांनी ठरवून दिलेली महिन्याची गोळी सुरू झाली, आणि रोज सकाळी प्रत्येकाचं अंग चाचपणं हा कवायतीइतकाच कडक नियम झाला. गोचीड चिकटल्याबरोबर जंतू रक्तात उतरत नाहीत, त्याला काही तास लागतात. म्हणून रोज पाहायचं. दुसऱ्या आठवड्यात सत्त्याण्णव सापडल्या, तिसऱ्यात तेहेतीस. चौथ्या आठवड्यात चार. पाचव्यात लोखंड्या दिवसभर बसून राहिला आणि त्याच्याकडे कुणीच आलं नाही. सहाव्यातही नाही.

"मी एकटा पडलो आहे," तो म्हणाला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

भैरूने तिसऱ्या दिवशी पेज चाटली होती, दहाव्या दिवशी तो लोखंड्यावर भुंकला होता. अठ्ठाविसावी गोळी त्याने शाल्मलीच्या तळहातावरून गुळासारखी उचलली. हिरड्या पुन्हा गुलाबी झाल्या. आबांनी पुन्हा रक्त पाहिलं आणि सूक्ष्मदर्शकावरून मान वर न करताच अंगठा दाखवला.

त्या वर्षी श्रावणात पाऊस थांबला नाही. एका सकाळी दहाच्या सुमाराला दांडेवाडीवरचा कडा सुटला आणि वस्तीचं वरचं टोक मातीखाली गेलं. बाबा भैरूला घेऊन पहिल्या गाडीने गेले. केंद्रात शाल्मली आणि आबा बिनतारी यंत्राजवळ बसून राहिले. त्यातून नुसती खरखर येत होती. अनसूयाकाकूंनी दोनदा चहा आणून ठेवला, दोन्ही वेळा तो गार झाला.

दुपारी दोनला बाबांचा आवाज आला. धापा टाकत होते.

"आबा, शालू, ऐकताय? ड्रोन म्हणत होते इथं कुणी नाही. भैरू एका जागी बसला आणि हलेचना. सहा फूट खणलं. गोठ्याचं छप्पर आडवं पडलं होतं, त्याच्या पोकळीत एक म्हातारी आणि तिची चार वर्षांची नात. दोघी जिवंत आहेत. दोघी!"

शाल्मलीने तोंडावर हात घेतला. मागून गलका ऐकू येत होता. कुणीतरी बाबांना विचारत होतं, हा कुठल्या जातीचा कुत्रा, परदेशी आहे का? बाबांनी यंत्र बंद केलं नव्हतं, त्यामुळे उत्तर कुंभारखिंडीत सगळ्यांनी ऐकलं.

"गावठी आहे. इथलाच. आणि एप्रिल महिन्यात हा मेलाच असता. माझ्या अकरा वर्षांच्या पोरीनं ह्याला जगवलाय. शाल्मली शेलार नाव तिचं. लिहून घ्या."

आबांनी चष्मा काढून पुसला. "माझे शेकडो विद्यार्थी डॉक्टर झाले," ते हळूच म्हणाले, "पण वर बघायला एकीलाच सुचलं."

दिवाळीनंतर राज्यातल्या सगळ्या केंद्रांचे शिक्षक कुंभारखिंडीत शिकायला आले. तीस जण, सगळे शाल्मलीच्या दुप्पट-तिप्पट वयाचे, वह्या उघडून बसलेले. ती फळ्यासमोर उभी राहिली. आधी तिने डिंभाचे सहा पाय काढले. तिने सगळं सांगितलं, बाबांनी यीस्ट शिजवलं तेही. लोक पोट धरून हसले आणि बाबा सगळ्यांत जास्त हसले.

शेवटी मागच्या रांगेतून दोडामार्गच्या एक शिक्षिका उठल्या. "बाळा, ही तर घरातली गोचीड झाली. आमच्याकडे काजूच्या बागांत जंगलातली गोचीड असते. तिच्यामुळे माकडताप येतो, माणसांनासुद्धा. ती काही भिंतीत राहत नाही. तिचं काय करायचं?"

शाल्मलीने आबांकडे पाहिलं. आबा मुद्दाम खिडकीबाहेर बघत होते.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. वर्गात जराशी चुळबुळ झाली. तिने खडू पुढे केला. "पण शोधून काढता येईल. ती जंगलात कुठे लपते, कुणाकुणावर चढते, केव्हा बाहेर पडते, यातलं तुम्ही काय काय पाहिलंय? तुम्ही इकडे या आणि मला काढून दाखवा."

त्या बाई पुढे आल्या आणि खडू घेऊन फळ्यावर काजूचं झाड काढू लागल्या. शाल्मली पहिल्या बाकावर जाऊन बसली.